‘ऐपत नसेल तर हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना: जुन्या गाडीला बजेटमध्ये रुंद फ्लेअर

कमानदार

काल या फोरमवर एकाने फ्लेअरबद्दल (चाकावरची कमान रुंद करणारी वेगळी पट्टी) लिहिलं, “डॅटसन २४०झेडसारख्या गाडीला फायबरचे स्वस्त फ्लेअर रिव्हेट मारून लावणारे गाडीचे वैरी आहेत. ऐपत नसेल तर गाडीला हात लावू नका.” दोन ओळींचं उत्तर देऊन सोडणार होतो, पण तो ‘ऐपत’ शब्द रात्रभर डोक्यातून गेला नाही.

वरून ठोकलेला फ्लेअर हा कुणा कडक्या माणसाचा शोध नाही. १९७१ मध्ये डॅटसन बनवणाऱ्या निस्साननेच जपानात २४०झेडजी काढली, ती कारखान्यातूनच असे फ्लेअर लावून आली. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो बघा, तिचेही वेगळे बसवलेलेच. पत्र्यातच कमान रुंद करणं सुंदर काम आहे, पॉर्शने कॅरेरा आरएस २.७ ला मागच्या बाजूला तेच केलं. पण तेवढाच एक मार्ग खरा आणि बाकीचे वैरी, हे कुठून आलं?

माझ्या २४०झेडच्या मागच्या कमानी मी कापण्याआधीच सडलेल्या होत्या. चुंबक लावला तर चिकटेना, इतकी लांबी (पुट्टी) भरलेली. म्हणजे ‘मूळ पत्रा’ म्हणून जो जपायचा, तो तिथे नव्हताच.

पैसे वाचवले ते इथे: मजुरी स्वतः केली, फ्लेअर गाडीच्या रंगात न रंगवता काळेच ठेवले, त्यामुळे पूर्ण बाजू रंगवावी लागली नाही. कडेला रबराची पट्टी लावली, फायबर आणि पत्रा यांच्यातली दोन-तीन मिमीची फट तिने झाकली. आणि जिथे वाचवले नाहीत ते म्हणजे रिम आणि कापलेल्या कडेचं काम. बजेट म्हणजे सगळीकडे हात आखडता घेणं नव्हे.

कापण्याआधी स्प्रिंग काढली, चाक लावलं आणि जॅकने सस्पेन्शन पार वर, बंपस्टॉपपर्यंत नेलं. पुठ्ठ्याचा साचा केला. टायर जिथे टेकेल असं वाटलं तिथे आतून मातीचे गोळे चिकटवले आणि चाक पुन्हा खालीवर केलं. गोळे कुठे दबले त्यावर रेघ मारली. फ्लेअर आधी लावून मग टायर घासतोय म्हणून रडणारे बरेच पाहिलेत. आधी चाक ठरवा, मग कमान.

जुनंतेसोनं

ते वाक्य माझं आहे, मागे घेत नाही. कारण सांगतो.

मी घेतलेल्या गाडीला आधीच्या मालकाने असेच फ्लेअर लावले होते. बाहेरून झकास. एका पावसाळ्यानंतर दाराखालच्या पट्टीतून तांबडं पाणी ओघळायला लागलं म्हणून डावा फ्लेअर काढला. आत ग्राइंडरने सरळ कापलेली कड, प्रायमरचा थेंब नाही. आतला आणि बाहेरचा पत्रा कडेला एकत्र स्पॉट-वेल्ड असतो, तो जोडच कापून टाकलेला आणि मधली फट तशीच उघडी. चाकाने उडवलेला चिखल त्या फटीतून थेट सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत. मूठभर ओली माती मी हाताने बाहेर काढली आणि तिच्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे आले. दोन वर्षं ती गाडी उभी राहिली.

तुम्ही नीट केलं असेल. शंभरातले नव्वद करत नाहीत. ज्याला कडेचं वेल्डिंग परवडत नाही तो ते टाळतो आणि वरून फ्लेअर लावून झाकतो. फ्लेअर म्हणजे त्यांच्यासाठी झाकण आहे.

चाकबाहेर

कापाकापी करताच कशाला? मी मूळ रिमवर २० मिमीचे स्पेसर (चाक बसतं त्या हबवर, चाकामागे घालायच्या जाड चकत्या) टाकले आणि बारीक फ्लेअर लावले. अर्ध्या दिवसाचं काम, अगदी थोड्या पैशांत. आवडलं नाही तर काढून टाका.

बेअरिंगकाका

स्पेसरचं नाव काढलंत म्हणून लिहितो, नाहीतर नुसता वाचत होतो.

तरुणपणी मी हेच केलं होतं. आत सरकवायचे साधे स्पेसर, चाकाचे नट ज्यावर आवळतात ते स्टड मूळचेच. १२ मिमीच्या स्टडला, १.२५ मिमीची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) धरली तर, नट निदान नऊ-दहा फेरे आत जायला हवा. माझा चार फेऱ्यांत घट्ट लागत होता आणि मी ‘घट्ट लागला ना, झालं’ म्हणून निघालो. उताराच्या वळणावर मागून खडखड सुरू झाली. थांबून बघतो तर चारपैकी दोन स्टड गायब, तिसरा वाकलेला. शेजारी बायको, मागच्या बाकावर मुलगा झोपलेला. आजही उताराला लागलो की कान मागच्या चाकाकडे जातो.

लोकांना असले सल्ले देऊ नका.

चाकबाहेर

काका, तुमच्या मुलाला काही झालं नाही हे देवाचे उपकार. पण तो दोष स्पेसरचा नाही, आखूड स्टडचा. माझे स्पेसर हबवर बोल्टने बसतात, चाकासाठी त्यांचे स्वतःचे स्टड आहेत आणि मधली कड हबवर नेमकी बसते, चाक मध्यभागी राहतं. दोन्हीकडचे नट टॉर्क रेंचने आवळतो, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासतो. ‘स्पेसर वाईट’ असं सरसकट म्हणणं म्हणजे एकदा विजेचा झटका बसला म्हणून घरातले दिवे काढून टाकणं.

बेअरिंगकाका

आणि बेअरिंगचं काय? चाक बाहेर सरकलं की हबवरचा तरफेसारखा जोर वाढतो. पुढे स्टेअरिंगला हिसके लागतात, खड्डा गेला की थेट मनगटात जाणवतो. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा गाड्यांचे बेअरिंग मी स्वतः बदललेत, पुस्तकात वाचून सांगत नाही.

चाकबाहेर

मग तोच जोर कमानदारांच्या रुंद रिमने येत नाही का? बेअरिंगला काय कळतं, चाक स्पेसरमुळे बाहेर आलं की रिमच्या ऑफसेटमुळे (रिमची हबला टेकणारी बाजू त्याच्या मध्यरेषेपासून किती दूर, ते अंतर)? त्यांना शाबासकी आणि मला शिव्या, हा कुठला न्याय? चाकाची मध्यरेषा किती सरकली तेवढंच महत्त्वाचं.

कमानदार

धागा फ्लेअरचा होता, पण हे लिहावंच लागेल.

चाकबाहेर यांचं हे म्हणणं बरोबर आहे. मूळ चाक साडेचार इंच रुंद. ऑफसेट तोच ठेवून आठ इंची रिम लावला तर साडेतीन इंच रुंदी दोन्हीकडे सारखी वाटली जाते, ४४ मिमी बाहेर, ४४ आत. मध्यरेषा जागची हलत नाही. पण आत ४४ मिमी जागा नाही, टायर सस्पेन्शनच्या स्ट्रटला लागतो. म्हणून मी ऑफसेट २० मिमीने बाहेर घेतला: आत २४, बाहेर ६४. मध्यरेषा २० मिमी बाहेर गेली, म्हणजे बेअरिंगच्या दृष्टीने मी आणि तुम्ही एकाच जागी. मला रिम मनासारख्या ऑफसेटचे मिळाले, एवढाच फरक.

बेअरिंगकाका

ठीक आहे. बोल्टने बसणारे, हबवर नेमके बसणारे आणि चांगल्या धातूचे असतील तर माझा विरोध नाही. पण आधीच्या पोस्टमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. नुसतं ‘अर्ध्या दिवसाचं काम’ लिहिलंत. ते वाचून कुणी नवखा साधे स्पेसर टाकून रस्त्यावर गेला असता तर? राग त्याचा आला.

चाकबाहेर

हे मान्य. वरची पोस्ट अपुरी होती.

वळणवेडा

तुम्ही सगळे चाक कसं बसवायचं यावर भांडताय. बसवायचंच कशाला, हे कुणी विचारत नाही.

साधारण एक टनाची, दीडशे अश्वशक्तीच्या आसपासची गाडी. पॉवर स्टेअरिंग नाही. मी माझ्या झेडला फ्लेअर लावून मागे-पुढे २४५ मिमी रुंदीचे टायर घातले होते. गाडी लावताना खांदे भरून यायचे. ओल्या रस्त्यावर रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, ते एकदा अनुभवलं आणि पाय थरथरले. सगळ्यात वाईट म्हणजे वळणात गाडी जे हळूहळू सांगायची, ते बंद झालं. आधी मागची बाजू सुटायच्या आधी चांगली कल्पना द्यायची. नंतर चिकटून राहायची, चिकटून राहायची आणि मग एकदम सुटायची. आता १५ इंची, ७ इंच रुंद रिम आणि २०५ चे टायर आहेत, कमान न कापता बसलेत. गाडी परत माझी झाली.

कमानदार

२४५ तुम्हाला जड झाले हे पटतं, मी स्वतः २२५ वर थांबलो. पण मला ती कमान भरलेली बघायला आवडते. लहानपणी मासिकात पाहिलेल्या शर्यतीच्या झेडसारखी गाडी हवी होती, ती मी माझ्या हाताने केली. वेगासाठी केलं असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

जुनंतेसोनं

तुमचा हिशेब वाचला. माझ्याकडे आलेल्या गाडीच्या मालकाने याचा दहावा भाग विचार केला असता तर मी इतका कडवट झालो नसतो. ‘ऐपत’ हा शब्द चुकीचा होता, तो मागे घेतो. म्हणायचं होतं ते मेहनतीबद्दल.

पुढच्या मडगार्डबद्दलही माझी हरकत नाही. झेडची पुढची मडगार्डं बोल्टवर आहेत. मूळ जोडी काढून गुंडाळून ठेवा आणि दुसरी जोडी हवी तशी कापा. मागची कमान मात्र गाडीच्या अंगाचाच भाग आहे, ती परत येत नाही. सडलेली असेल तर गोष्ट वेगळी. धडधाकट पत्र्यावर ग्राइंडर ठेवणाऱ्याला मी आजही वैरीच म्हणणार.

एक विचारतो. माझ्या उजव्या कमानीची आतली बाजू अजून व्हायची आहे. पत्रा वाकू न देता तुम्ही कड कशी बंद केलीत?

कमानदार

आतल्या पत्र्याला दीड-दीड इंचावर उभे काप दिले, त्या पाकळ्या हातोडीने हळूहळू बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याला टेकवल्या. मग वेल्डिंगचे टाके. एक पुढच्या टोकाला, दुसरा मागच्या टोकाला, तिसरा मध्ये, सलग कधीच नाही. प्रत्येक टाक्यानंतर शेजारी तळहात ठेवायचा, पत्रा गरम लागला की थांबायचं. एका कमानीला माझे दोन दिवस गेले. नंतर घासून झिंक प्रायमर, त्यावर सीलर बोटाने दाबून फटीत भरायचा, मग रंग. फ्लेअरची भोकं पाडल्यावर प्रत्येक भोकाच्या कडेलाही बारीक ब्रशने प्रायमर. आणि तिथे मी रिव्हेट नाही मारले, रिव्हनट (पत्र्यात पक्के बसणारे आट्यांचे नट) आणि स्टेनलेसचे स्क्रू वापरले. दर पावसाळ्यानंतर फ्लेअर उतरवून आत बघता येतं.

जुनंतेसोनं

स्क्रूचं आवडलं. उजवी बाजू याच पद्धतीने करतो. फ्लेअर मात्र लावणार नाही.