वडावरचे हरियल (हिरवी कबुतरं) फोटोत काळे येतायत

अंबाजोगाईजवळ आमच्या बांधावरचा वड फळांनी लालभडक झालाय, सकाळी हरियल, तांबट, कोकीळ सगळेच तुटून पडतात, पण खालून फोटो काढला की पक्षी नुसता काळा दिसतो. काय करू?

– मागं उजळ आभाळ हाय म्हणून होतंय भाऊ. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) एक स्टॉप प्लस, म्हंजे दुप्पट करा, अन् सूर्य पाठीशी येईल असं बसा.

– हरियल हलल्याशिवाय पानात दिसतच नाही, पिवळे पाय शोधा. फळासाठी उलटा लटकतो तेव्हा लई भारी फ्रेम मिळते, शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या वर ठेवा.

– मोबाईलवर आवाज वाजवून बोलवू नका फक्त, फळ आहे तोवर येणारच ते. भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे येतायत का तिकडं?