मदत हवी आहे: एरिकसनचा 'आधी ओळख, मग जवळीक' हा क्रम उलटा घडला तर?

नमस्कार मंडळी,

एमएचा विकासात्मक मानसशास्त्राचा पेपर तीन आठवड्यांवर आलाय आणि मी पूर्व प्रौढावस्थेच्या प्रकरणात अडकले आहे. समजत नाही अशातला भाग नाही. समजतंय, पण पटत नाही, आणि न पटलेलं माझ्याच्याने लिहवत नाही.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसनने माणसाच्या आयुष्यभराच्या विकासाचे आठ टप्पे मांडले, त्यांतला पाचवा पौगंडावस्थेतला: ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ. सहावा साधारण विशी ते चाळिशीचा: जवळीक विरुद्ध एकाकीपणा. त्याचं म्हणणं असं, की आपण कोण हे बऱ्यापैकी पक्कं झालं असेल, तरच दुसऱ्याच्या जवळ जाताना स्वतःला हरवून बसायची भीती वाटत नाही. हे वाचलं तेव्हा खूप आवडलं होतं.

मग वहीत आठ पायऱ्यांचा जिना काढला आणि प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीने माझं वय टाकत गेले. सहावीपुढे आलं २३, पाचवीपुढे ३१. खोडून पुन्हा लिहिलं, तरी तेच.

लग्न तेविसाव्या वर्षी झालं. नवऱ्याशी नातं मोकळं आहे, विश्वासाचं आहे. कोर्स मात्र घरच्यांनी सुचवला तो केला, नोकरी मिळाली ती धरली. एकतिसाव्या वर्षी लेक शाळेचा फॉर्म घेऊन बसली होती. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात काय लिहू, म्हणाली. नोकरी करत होते, पदाचं नाव सांगता आलं असतं. पण ते नाव माझं वाटेचना. 'थांब जरा' म्हणाले, आणि तो रकाना दोन दिवस कोरा होता. माझी ओळखीची शोधाशोध तिथून सुरू झाली. मग माझी जवळीक खोटी होती का? तसं तर मला मुळीच वाटत नाही.

डॅनियल लेव्हिन्सन वाचल्यावर थोडा धीर आला. २८ ते ३३ हे तो तिशीचं संक्रमण मानतो: विशीत घाईने बसवलेल्या घडीतल्या उणिवा दिसू लागतात आणि ती बदलावीशी वाटते. अगदी माझंच. पण त्याचं १९७८चं पुस्तक ४० पुरुषांच्या मुलाखतींवर उभं आहे. कामगार, अधिकारी, जीवशास्त्रज्ञ, कादंबरीकार, प्रत्येकी १०. बाई एकही नाही. बायकांवरचं पुस्तक आलं ते १९९६ला, त्याच्या निधनानंतर. जेफ्री आर्नेटने २०००मध्ये मांडलेलं 'उदयोन्मुख प्रौढत्व' १८ ते २५ या वयाचं, शोध घेण्याचं, अधांतरी असण्याचं. त्या वयात मी शोध घेतलाच नाही.

तर प्रश्न असा: एरिकसनचा क्रम सक्तीचा आहे का? नसेल, तर उत्तरपत्रिकेत हे कशाच्या आधारावर मांडू?

---

प्रतिसाद:

ताई, आधी तो जिना खोडा. एरिकसनच्या मते प्रत्येक प्रश्न बीजरूपाने आयुष्यभर असतोच, फक्त एकेका काळात तो ऐरणीवर येतो. पाचवा सुटला नाही म्हणून सहाव्याचं दार बंद, असं त्याने म्हटलेलं नाही. पुढच्यावर ताण येतो, एवढंच.

आधार दोन घ्या. पहिला जेम्स मार्सिया, १९६६. ओळखीच्या चार स्थिती तो सांगतो, त्यातली एक म्हणजे शोध न घेताच बांधिलकी स्वीकारणं. तुमचा कोर्स आणि नोकरी तिथे बसतात. या स्थिती कायमच्या नसतात, तिशीत पुन्हा शोध सुरू होऊ शकतो. दुसरा आधार कॅरॉल गिलिगन, १९८२. हे क्रम पुरुषांच्या आयुष्यावरून बेतले आहेत, बायकांच्या बाबतीत ओळख आणि जवळीक एकमेकींत गुंतलेल्या असतात, ही तिची टीका तुमच्या मुद्द्याला नेमकी लागू पडते.

उत्तरात स्वतःचं उदाहरण टाकू नका, मार्क त्याला नसतात. पण विचार तिथूनच करा. त्याने उत्तराला जीव येतो.

---

धागाकर्ती:

मनापासून आभार. मार्सियाचा तक्ता मी नुसता पाठ केला होता. आता त्याच्या दोन कसोट्या, शोध घेतला का आणि बांधिलकी आहे का, कोर्स, नोकरी, लग्न यांना वेगवेगळ्या लावून पाहिल्या. लग्नाबाबत दोन्हींचं उत्तर 'हो' आलं, कारण तो निर्णय मी विचार करून, भांडून घेतला होता. बाकी दोन्हींत शोध नाहीच. म्हणजे एकाच माणसाची स्थिती एका क्षेत्रात एक आणि दुसऱ्यात दुसरी असू शकते, असं लिहिलं तर चालेल ना? तेवढं कुणी सांगा, मग उद्या सकाळी उत्तर लिहायला बसते.