नुसता अहवाल हातात देऊन भागत नाही

विद्यार्थी प्राध्यापकांच्या शिकवण्याला गुण आणि शेरे देतात; 'ते गुण कळवले की पुढचं प्राध्यापक बघून घेतात' असं म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. शिक्षण-संशोधक पीटर कोहेन यांनी १९८० मध्ये अशा गुणांचा शिकवण्यावर काय परिणाम होतो यावरचे १७ अभ्यास एकत्र तपासले. नुसते गुण कळवलेल्या प्राध्यापकांत सुधारणा जेमतेम दिसली. जिथे जाणकाराने सोबत बसून चर्चा केली, तिथे बरीच जास्त.

माझंही तेच झालं. पहिला अहवाल आला तेव्हा सगळे चांगले शेरे सोडून 'सर फळ्याशीच बोलतात' या एका ओळीवर दोन दिवस धुमसत होतो. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सगळे शेरे विषयवार लावायला बसवलं. 'ऐकू येत नाही', 'फार भरभर', 'लिहून घ्यायला वेळ नाही' या तीन तक्रारी निघाल्या एकाच सवयीच्या: मी फळ्यावर लिहिता लिहिता, वर्गाकडे पाठ करून बोलत होतो! प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात भाषणं कमी करून शेरे लावायचं हे काम हाताने करून घ्यावं.

गुणांची नुसती सरासरी बघूनही भागत नाही. निम्म्यांनी ३ आणि निम्म्यांनी ४ दिले तरी ३.५, निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी २ दिले तरी ३.५. दुसऱ्या वर्गाचं दुखणं वेगळं असतं.

आणि हो, एकदा सत्राच्या मध्यावरही मुलांना विचारा. शेवटी विचारलं तर सांगणाऱ्या मुलांच्या पदरात काहीच पडत नाही.