अवघड गोल्फ कोर्सवरील तीन होलसाठी खेळाची आखणी कशी करावी?

सकाळचा फोरसम:

नमस्कार. माझा हँडिकॅप (कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सवलत) १८ आहे आणि माझा बहुतेक खेळ पुणे शहरातल्या, तुलनेने सपाट कोर्सवर होतो. दिवाळीनंतर आमच्या गटाची स्टेबलफोर्ड (प्रत्येक होलवर गुण देणारी; सवलत धरून पारला दोन गुण, एक फटका जास्त लागल्यास एक) स्पर्धा शहराच्या पश्चिमेकडील डोंगरउतारावरच्या एका कोर्सवर ठरली आहे. तिथे मला १८ फटके मिळणार आहेत, म्हणजे प्रत्येक होलवर एक. माझा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) चांगला बसला तर २१० यार्ड जातो, हायब्रिड १७५ ते १८० आणि सात नंबर आयर्नचा (नंबर जितका लहान तितका फटका लांब) चेंडू हवेतून १४० यार्ड जातो. मी उजव्या हाताने खेळतो आणि चुकलेला फटका बहुतेक वेळा उजवीकडे वळतो.

विशेष विचार करावा असे तीन होल आहेत. पहिले पार ३ (तीन फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित) आहे. टी (पहिला फटका मारण्याची जागा) ग्रीनपेक्षा (झेंडा असलेल्या हिरवळीपेक्षा) सुमारे तीस फूट उंच आहे, ग्रीनच्या मध्यापर्यंत १५० यार्ड आहेत आणि ग्रीनला लागून पुढे तळे आहे. ग्रीन तिरके बसवलेले असून त्याची डावी बाजू टीला जवळ आणि उजवी बाजू दूर आहे. मागे गवताचा चढ आणि एक बंकर (वाळूचा खड्डा) आहे. दुसरे होल ३९० यार्डांचे पार ४, उजवीकडे वळणारा डॉगलेग. उजव्या बाजूने पूर्ण लांबीची भिंत असून तिच्या पलीकडे आउट ऑफ बाउंड्स (हद्दीबाहेरची जागा), तर डावीकडे रफ (वाढलेले गवत) आणि सौम्य उतार. याच होलचा स्ट्रोक इंडेक्स १ आहे, म्हणजे कोर्सवरचे सर्वांत अवघड होल. तिसरे ४८० यार्डांचे पार ५. त्यावर ग्रीनच्या अलीकडे ८५ ते १०० यार्डांच्या पट्ट्यात ओढा आडवा जातो. या तिन्ही ठिकाणी कोणता क्लब घ्यावा आणि नेम कुठे धरावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना सदस्य:

आपण वर्णन नेमके दिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझी पद्धत अशी की होलचा विचार ग्रीनपासून टीकडे, उलट्या दिशेने करायचा आणि ‘चेंडू कुठे गेला तर चालेल’ हे ‘चेंडू कुठे जायला हवा’ याच्या आधी ठरवायचे.

आपल्या पार ३ ला मी सर्वांत जास्त मान देईन. उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे गेलेला फटका सहसा आखूड पडतो, कारण क्लबचे तोंड उघडे राहून चेंडू अधिक उंच जातो. डावीकडे ओढला गेलेला फटका मात्र तोंड मिटल्यामुळे खालून आणि लांब जातो. म्हणजे आपले सगळे फटके एकत्र मांडले, तर त्यांचा पट्टा ‘उजवीकडे-आखूड’ पासून ‘डावीकडे-लांब’ असा तिरपा पडतो. आपण वर्णन केलेले ग्रीन नेमके याच्या उलट तिरके आहे. झेंडा उजवीकडे असेल आणि आपण त्याच्यावरच नेम धरला, तर नेहमीची चूक थेट तळ्यात जाते, आणि उलटी चूक ग्रीन ओलांडून मागे पडते. नुसत्या अंतराकडे पाहून क्लब काढणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सचे बारावे होल असेच आहे. लांबी अवघी १५५ यार्ड, पुढे रेज क्रीक हा ओढा, आणि ग्रीनची उजवी बाजू टीपासून दूर. तिथल्या २०१६ च्या मास्टर्स स्पर्धेमध्ये पहिल्या नऊ होलनंतर पाच फटक्यांनी पुढे असलेल्या जॉर्डन स्पीथने तिथे दोन चेंडू पाण्यात घालून सात फटके घेतले. २०१९ च्या शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेल्या फ्रान्चेस्को मोलिनारीचा चेंडू तिथेच पाण्यात गेला. ब्रूक्स केप्का, इयन पोल्टर आणि टोनी फिनाऊ यांचेही तेच झाले. त्याच दुपारी टायगर वुड्सने झेंड्याकडे दुर्लक्ष करून ग्रीनच्या डाव्या बाजूला चेंडू ठेवला, दोन पटमध्ये (ग्रीनवर घरंगळवलेल्या फटक्यांत) पार केला आणि अखेर एका फटक्याने स्पर्धा जिंकली. ज्यांचे फटके आपल्यापेक्षा कितीतरी नेमके आहेत, तेही तिथे उजव्या झेंड्यावर जाऊन फसतात, हे ध्यानात घ्यावे.

आता क्लबचे. उतार असेल तर दर तीन फुटांमागे साधारण एक यार्ड वजा करावा, म्हणजे आपले १५० यार्ड १४० सारखे खेळतील. कागदावर हा सात नंबरचा फटका आहे. पण आपले १४० हे चांगल्या बसलेल्या फटक्याचे अंतर आहे, आणि जो सात नंबर जरा पातळ (चेंडूच्या वरच्या भागावर) किंवा जरा जाड (आधी जमिनीला लागून) बसेल तो पाण्यात जाईल. म्हणून सहा नंबर घ्यावा आणि नेम ग्रीनच्या मध्यापासून थोडा डावीकडे धरावा. फटका अगदी उत्तम बसला तर चेंडू मागच्या कडेला किंवा चढावर जाईल, जिथून चिप (छोटा उचललेला फटका) आणि दोन पट म्हणजे बोगी (पारपेक्षा एक जास्त), म्हणजेच आपल्यासाठी दोन गुण. उंच टीवरून चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, त्यामुळे वाऱ्याचा परिणामही जास्त होतो. टीवर झाडांच्या आडोशाला वारा लागत नसेल तरी तळ्याच्या पृष्ठभागावरच्या लहरींकडे पाहावे.

एक निरीक्षण करून पाहा. अशा होलवर टीच्या गवतात आधीच्या खेळाडूंनी आयर्नने काढलेल्या खाचा असतात. त्या बहुतेक झेंड्याच्या दिशेने असतात. ग्रीनवर गेल्यावर चेंडूंच्या खुणा मोजल्या, तर त्यांतल्या बऱ्याच पुढच्या अर्ध्यात आढळतात, आणि जे चेंडू त्याहून आखूड पडले त्यांची खूण उरतच नाही. म्हणजे बहुतेकांचा नेम झेंड्यावर आणि फटका आखूड.

पार ४ बद्दल माझे मत थोडक्यात. स्ट्रोक इंडेक्स १ म्हणजे ते होल आपण पाच फटक्यांत खेळायचे आहे. टीवरून हायब्रिड १८० यार्ड, मग १५० यार्ड, मग साठ यार्डांचा पिच आणि दोन पट. झाले पाच, दोन गुण. टीच्या चौकटीत उजव्या कडेला चेंडू ठेवून डावीकडे नेम धरावा. भिंत उजवीकडे असताना अनेकजण भीतीने डाव्या कडेला उभे राहतात आणि त्यामुळे नकळत भिंतीच्या दिशेने उभे राहतात. ड्रायव्हर त्या दिवशी बॅगेतच ठेवावा. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोदी कोर्सवर दोन्ही बाजूंना दाट झुडपे असल्यामुळे व्यावसायिक खेळाडूही ड्रायव्हर आत ठेवतात, तर आपल्याला संकोच कशाचा?

वेताळटेकडी:

जुना सदस्य साहेबांचे पार ३ बद्दलचे विवेचन मला पूर्ण मान्य आहे. ड्रायव्हरबद्दल मात्र मतभेद आहे. १८ हँडिकॅपच्या खेळाडूचा हायब्रिड ड्रायव्हरपेक्षा सरळ जातो, हे गृहीत धरता येत नाही. आखूड फटक्याचे बाजूला जाणे यार्डांत कमी असते, इतकाच त्याचा खात्रीचा फायदा आहे. तेव्हा सरावाच्या रेंजवर दोन्ही क्लबचे दहा-दहा चेंडू मारून ते किती रुंद पसरतात ते पाहावे. तो पट्टा भिंतीपासून दूर सरकवला असता डाव्या रफमध्ये बसत असेल, तर ड्रायव्हरही चालेल. नसेल तर हायब्रिड. आउट ऑफ बाउंड्सची शिक्षा फटका आणि अंतर दोन्हींची आहे, पुन्हा टीवरून तिसरा फटका मारावा लागतो, आणि मग पाचची आशा संपते. म्हणून डावा रफ ही त्या होलवर मुक्कामाची जागाच समजावी. शंका असेल तर पुढे जाण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता चेंडू) जाहीर करून दुसरा चेंडू खेळावा. शोधायला तीनच मिनिटे मिळतात.

पार ५ बद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘आपल्या आवडत्या शंभर यार्डांवर चेंडू ठेवावा’ हा सल्ला क्लबहाउसमध्ये हमखास मिळतो. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या) फटक्यांच्या नोंदींवरून काढलेले आकडे मात्र वेगळे सांगतात. फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) १०० यार्डांवरून होल पूर्ण करायला व्यावसायिकांना सरासरी २.८० फटके लागतात आणि ६० यार्डांवरून २.७०. म्हणजे सर्वसाधारणपणे जितके जवळ तितके बरे, आणि ‘आवडते अंतर’ ही बरीचशी समजूत आहे. पण फरक फक्त एक दशांश फटक्याचा आहे आणि त्यासाठी ओढा ओलांडण्याची किंमत काय पडते, ते पाहायला हवे.

आपला ड्राइव्ह २०५ यार्ड गेला तर २७५ उरतात. ओढा ओलांडायला हवेतून किमान १९० यार्ड हवेत, तेही फेअरवेवरून, टी नसताना. जमले तर तिसरा फटका ७५-८० यार्डांवरून. न जमल्यास दंडाचा फटका धरून चौथा फटका सव्वाशेच्या आसपासून. अलीकडे थांबलात तर तिसराच फटका तिथून मिळतो. माझा ढोबळ हिशेब असा की ओलांडल्याने आपल्या पातळीच्या खेळाडूचा फार तर अर्धा फटका वाचतो आणि न ओलांडल्याने एक पूर्ण जातो. याचा अर्थ तीनपैकी दोनदा जमत असेल तरच बरोबरी, त्याहून अधिक वेळा जमत असेल तर फायदा. १९० यार्ड तीनपैकी दोनदा हवेतून नेणारा माणूस १८ हँडिकॅपवर फार काळ राहत नाही.

म्हणून दुसरा फटका दीडशे यार्डांचा मारावा, म्हणजे ग्रीन सव्वाशेवर राहील. इथे एक चूक फार पाहिली आहे: खेळाडू ले-अप करायचे (ओढ्याच्या अलीकडे थांबायचे) ठरवतो आणि मग ओढ्याच्या अगदी काठाशी चेंडू थांबवण्याच्या मोहात १७० चा फटका मारतो. तो जरा जास्त बसला की चेंडू पाण्यात, म्हणजे धाडसाचा आनंद नाही आणि सावधपणाचे फळही नाही. ले-अप करायचा तर ओढ्यापासून वीस-पंचवीस यार्ड मोकळे सोडूनच.

टायगर वुड्सने २००६ ची ओपन स्पर्धा इंग्लंडमधल्या हॉयलेकला जिंकली, तेव्हा संपूर्ण स्पर्धेत ड्रायव्हर एकदाच वापरला होता, हे उदाहरण आता कोणीतरी देईलच. तिथली जमीन त्या उन्हाळ्यात वाळून टणक झाली होती आणि आयर्नचाही चेंडू घरंगळत लांब जात होता. दिवाळीनंतर सकाळी आपल्याकडे दव असते, चेंडू पडला तिथेच थांबतो. त्यामुळे आपल्याला तो हिशेब लागू पडत नाही.

डावखुरा:

मी डाव्या हाताने खेळतो, त्यामुळे जुना सदस्य यांनी सांगितलेला तिरपा पट्टा माझ्या बाबतीत नेमका उलटा पडतो आणि असे ग्रीन मला सोयीचे जाते. आपल्या फोरसममध्ये कोणी डावखुरा असेल आणि तो उजव्या झेंड्यावर बिनधास्त मारत असेल, तर त्याचे पाहून आपला क्लब बदलू नये.

डोंगरउतारावर आणखी एक गोष्ट सपाट कोर्सच्या खेळाडूला नडते, ती म्हणजे पायांखालचा उतार. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे. आपला पार ४ वरचा डावा रफ फेअरवेकडे उतरत असेल तर तिथे चेंडू पायांपेक्षा खाली मिळेल आणि दुसरा फटका पुन्हा भिंतीकडे वळेल. म्हणून तिथून हायब्रिडऐवजी आठ नंबर काढावा. फेअरवेपासून दूर उतरत असेल तर काळजी कमी. सराव फेरीत हे एकदा उभे राहून पाहावे.

स्टेबलफोर्ड आहे, हे विसरू नये. आपल्याला पार ४ वर एक फटका मिळतो, त्यामुळे सहा फटक्यांत एक गुण आणि सातव्यात शून्य. सहा फटके होऊनही चेंडू होलमध्ये नसेल तर उचलावा आणि पुढच्या टीवर शांतपणे जावे.

आणि लांबीचा न्यूनगंड नको. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक बहुतेक स्पर्धकांपेक्षा आखूड मारत होती आणि तरीही चौथी आली, ती मुख्यतः पटिंगच्या जोरावर. आपल्या ग्रीनवर सकाळी दव असते तेव्हा पट थोडा जोरात मारावा लागतो. आधीच्या गटाच्या चेंडूंच्या रेषा दवावर उमटलेल्या दिसतात, त्या उतार वाचायला फुकट मिळालेली मदत आहे.

सकाळचा फोरसम:

सर्वांचे मनापासून आभार. पार ३ ला सहा नंबर आणि पार ५ ला दीडशेचा ले-अप हे पक्के केले. ड्रायव्हरचा निर्णय रेंजवर चेंडू मारून पाहिल्यावर घेईन. एक शंका राहिली. माझ्याकडे उतारासह अंतर दाखवणारे लेझर रेंजफाइंडर आहे. ते स्पर्धेत चालेल का? आणि मुंबईहून दोन पाहुणे येणार आहेत, त्यांना काही वेगळे सांगावे लागेल का?

जुना सदस्य:

नियम ४.३ नुसार अंतर मोजता येते, पण उंचीतला फरक मोजणे चालत नाही. स्पर्धेत त्या यंत्रातली उताराची सोय बंद ठेवावी लागेल. मात्र सराव फेरीत ती वापरून प्रत्येक टीवरचा फरक वहीत लिहून ठेवता येतो आणि ती वही स्पर्धेच्या दिवशी खिशात ठेवायला कोणतीही हरकत नाही. पार ३ चे तीस फूट तेवढे आधी तपासून घ्यावेत, कारण माझा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. प्रत्यक्षात पंधराच फूट निघाले तर सहाऐवजी पाच नंबर.

मुंबईच्या पाहुण्यांना सांगावे की पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि विरळ हवेमुळे चेंडू अंदाजे दोन टक्के लांब जातो. दीडशे यार्डांवर हा फरक तीन यार्डांचा आहे, तेवढ्यासाठी क्लब बदलण्याची गरज नाही.