मदत हवी आहे: मुक्काम शारजात, पार्टी दुबईत, दाजींना कसं समजावू?

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय. डिसेंबरात ताई-दाजींसोबत भाच्याकडं चाललोय, त्याचा फ्लॅट शारजात आहे (दुबईला लागूनच, पण तिथले कायदे वेगळे). काल बॅग भरताना भडंगाच्या पुड्यांमध्ये टॉवेलात गुंडाळलेला दारूचा खंबा सापडला. दाजी म्हणे, "माझ्याकडं आजीवन परमिट आहे की!" अहो, आपल्या एक्साइजचं परमिट तिथं कोण विचारतंय?

शारजात दारूला पूर्ण बंदी आहे, नुसती बाळगायलासुद्धा. दुबईत 21 वर्षांवरच्यांना लायसन्सवाल्या हॉटेलात, बारमध्ये चालते. रस्त्यावर, बीचवर नाही. आणि पिऊन गाडी चालवणं तर एका घोटावरसुद्धा गुन्हा. खंबा काढून कपाटात ठेवलाय, तो विषय संपला. (ताईला अजून सांगितलेलं नाही.)

खरा घोळ 31 तारखेचा. दाजींचा बेत असा, की दुबईच्या हॉटेलात दोन पेग घ्यायचे आणि रात्री टॅक्सीनं शारजाला परतायचं. गाडी आपण चालवणार नाही हे ठीक, पण तोंडाला वास असताना शारजाच्या हद्दीत शिरणं मला बरोबर वाटत नाही. तिथं राहिलेल्यांनी सांगा, तुम्ही काय करता? त्या रात्री दुबईतच खोली घ्यावी का? परवडेल अशी कुठल्या भागात मिळेल? भाच्याची नोकरी तिथं आहे, त्याला आमच्यामुळं ताप नको.