बाबांना ऊन लागलं होतं की साधा ताप? परत शेतात जायचं म्हणतायत

संत्रावाला_पुण्यात:
नमस्कार. मी पुण्यात असतो, आईबाबा वरूडजवळ गावी. बाबा ६४ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे (त्यात लघवीची पण मिक्स आहे म्हणे). संत्र्याच्या आंबिया बहाराला पाणी द्यायचं आणि या आठवड्यात शेतातली लाईट दिवसाची, म्हणून परवा दुपारी २ पर्यंत मोटरीवरच होते. घरी आले तर डोकं गरगरतंय म्हणाले, उलटी झाली, पायात गोळे आले, अंग घामाने ओलंचिंब. ताप १०१. आईने तळपायाला कांदा चोळला, क्रोसिन दिली, झोपवलं, संध्याकाळपर्यंत ठीक झाले. आता म्हणतात काही झालं नाही, उद्या परत जातो. हा उष्माघात होता का? आणि खरा उष्माघात झाला तर आईला एकटीला कळणार कसं, दवाखाना १८ किमीवर आहे. प्लीज सांगा.

सिस्टर_नाईटड्युटी:
लिहिलंय त्यावरून उष्माघाताच्या अलीकडची पायरी वाटते, पण मी त्यांना बघितलेलं नाही सो डॉक्टरला दाखवाच. आईला एकच सांगून ठेवा, डोकं जाग्यावर आहे का ते बघायचं. आज वार कोणता, समोर कोण उभंय, विचारायचं. बरळायला लागले, उगाच अंगावर यायला लागले, झोकांड्या जातायत, झटका आला, शुद्ध हरपली आणि अंग तव्यासारखं तापलंय, की तो उष्माघातच समजायचा, थर्मामीटर शोधत बसायचं नाही. आतलं तापमान १०४ च्या वर गेलेलं असतं आणि काखेतला थर्मामीटर कमीच दाखवतो. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही हे पण डोक्यातून काढा, घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडते, राबताना झाला तर घाम बऱ्याचदा असतोच.

क्रोसिनचा इथे उपयोग शून्य. तापात मेंदूनेच तापमान वाढवून ठेवलेलं असतं, गोळी तिथे काम करते. इथे उष्णता अंगात साठलेली असते, ती बाहेरूनच काढावी लागते. म्हणून एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने त्याच मिनिटाला सावलीत आणून कपडे काढायचे, अंगावर पाणी सोडायचं, वारा घालायचा, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. शेतात मोटर आहे ना, त्याहून चांगलं काय! फक्त उन्हात पडलेल्या पाईपातलं पहिलं पाणी चटका देतं, ते आधी जाऊ द्या. गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही. बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

आणि उद्या शेत नको. एकदा ऊन लागलेल्याला लगेच परत लागतं. गोळी मनाने बंद करू नका, पण उन्हाळ्यात डोस कमी करायचा का हे विचारा, लघवीच्या गोळीने पाणी आधीच कमी झालेलं असतं.

वऱ्हाडी_ठेचा:
हाव, ताई बरोबर सांगून राहिल्या. आमचे मोठे काका दोन वर्षाखाली नवतप्यात धुऱ्यावर बसून बैलासंग बोलून राहिले होते, आम्हाले वाटलं मजाक करून राहिले. मग काकू म्हणे कांद्याचा रस लावा, कोणी म्हणे पन्हं पाजा, त्या भानगडीत अर्धा घंटा गेला. शेवटी सालदारानं उचलून टाक्यात बसवलं, मुंडकं वर धरून. डॉक्टर म्हणे तेच कामी आलं. तरी पाच दिवस भरती होते, किडनीचे रिपोर्ट बिघडले होते. काका आजही खिशात कांदा ठेवतात, ठेवू द्या, त्याच्यानं काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका बाप्पा. दुपट्टा ओला करून बांधाले लावा आणि एकटं जाऊ देऊ नका, सोबत कोणी नसलं तर बरळणं ऐकणार कोण?

कोकमवाला:
विदर्भाबाहेरच्यांनी पण वाचा हे. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हाने १४ माणसं दगावली तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता. आमच्या बाजूला दमटपणामुळे घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसं. हवामान खातं पण मैदानी भागात ४० ला आणि किनाऱ्यावर ३७ ला उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं ते उगाच नाही. बाबांना ताक, पन्हं चालेल, पण ओआरएस घेताना टेट्रापॅकमधलं गोड पाणी आणू नका, पुडी आणा आणि त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी टाका. पुडी नसेल तर १ लिटरला ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच.

संत्रावाला_पुण्यात:
सगळ्यांचे आभार. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, तिने १०८ भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. बाबा दोन दिवस थांबतो म्हणाले, पुढचं ऐकत नाहीत. रात्रीच्या लाईटीत साप, दिवसाच्या लाईटीत ऊन, मग झाडाले पाणी कोण देईन, असं म्हणतात आणि यावर मी काय बोलणार. मोबाईलवरून मोटर चालू होते ते स्टार्टर कोणी बसवलंय का? आमच्या शेतात रेंज एकच काडी येते.

वऱ्हाडी_ठेचा:
बसवलं आहे. एक काडी असली तरी कॉल लागते, आमचं चालते. पण नाका, म्हणजे पाण्याची वाट, बदलाले माणूस लागतेच, ते पहाटे करून घ्या म्हणा.