सोळाव्या वर्षी क्लासला जायला ॲक्टिवा द्यावी का?

धायरीची आई:
मुलगा अकरावीत, साडेसोळाचा. क्लास डेक्कनला, रात्री साडेआठला सुटतो. सिंहगड रोडच्या गर्दीतून बसने घरी पोचेपर्यंत दहा वाजतात. क्लासमधली बरीच मुलं गाडीवर येतात, म्हणून तोही माझी ॲक्टिवा मागतोय. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, असं त्याचं म्हणणं. खरंय का हे? आमचे हे म्हणतात, आतल्या रस्त्याने जाऊ दे. माझं मन धजत नाही. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला तेव्हा आम्ही दोघांनीही टीव्हीसमोर बसून त्या पालकांना नावं ठेवली होती.

वारज्याचे काका:
ताई, सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. ॲक्टिवा 110 सीसीची, तिला 18 पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत कलम 199अ आलं. त्यात पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही. गाडी तुमच्या नावावर आहे ना? मग कोर्टात तुम्ही उभ्या राहणार. आतल्या रस्त्यालाही कायदा तोच.

मागे बसलेला:
मी तेव्हा 19 चा होतो. खडकवासल्याला मित्राने दोन बिअर घेतल्या. नीट चालत होता, नीट बोलत होता, म्हणून मी मागे बसलो. नांदेड फाट्याच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला. लाल दिवे मला दिसले, त्याला उशिरा दिसले. चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. तो एक सेकंद दारूने खाल्ला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. पाच दिवस आयसीयूत होता, सहाव्या दिवशी गेला. माझ्या डाव्या मांडीत रॉड आहे. गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा मला नंतर कळली. त्याच्या आईने मला एवढंच विचारलं, "तू चावी का नाही रे काढून घेतलीस?"
ताई, चावी देऊ नकाच. पण तो कोणाकोणाच्या मागे बसतो, तेही विचारा.

धायरीची आई:
दादा, तुम्ही लिहिलेलं त्याला वाचायला दिलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंगळवारी मी बसने नव्हतो आलो. आम्ही तिघं एका गाडीवर होतो." मला पत्ताच नव्हता. उद्यापासून हे ऑफिसातून परस्पर क्लासखाली जाऊन थांबणार आहेत.